खंडेनवमीला थांबवलेलं मशीन

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

नोकरी सोडून आज महिना झाला. ऐरोलीच्या ऑफिसात सहा वर्षं परक्यांची सॉफ्टवेअरं सांभाळली, आता घरचं सांभाळणार. डायरी अशासाठी की पुढे कोणी म्हणालं, 'भाविकाला जमेल असं आम्हाला आधीपासून वाटत होतं', तर पान उघडून दाखवता यावं की तसं कोणालाच वाटत नव्हतं. मला सोडून.

परिस्थिती अशी. अंजूरला आमची पाच गोदामं आहेत, एकाच आवारात, एकाच गेटच्या आत. त्यातल्या तिनांत पुण्याच्या एका डायपर बनवणाऱ्या कंपनीचा माल असतो. आम्ही नुसतं भाडं घेत नाही. माल उतरवणं, मोजणं, सांगतील तेव्हा गाडीत भरून देणं, हे सगळं आमच्याकडे. त्यांच्या मॅनेजर रुचिरा मॅडम यांचा काल फोन आला. अंजूरला या घडीला किती खोकी आहेत ते त्यांना पुण्यात बसून दिसायला हवं. "दसऱ्यापर्यंत चालवून दाखवा. दसऱ्यानंतर मी स्वतः येऊन बघेन. नाही जमलं तर माल कशेळीला हलवू."

कशेळीला जो नवा वेअरहाऊस पार्क झालाय, त्याचे भूपेशशेठ आमच्याही मागे लागलेत. पाचही गोदामं वीस वर्षांच्या कराराने त्यांना द्यायची आणि आपण घरी बसून भाडं घ्यायचं. धनेशदादा, माझा मोठा भाऊ, एका पायावर तयार आहे. तो म्हणतो, डायपरवाले निघून गेल्यावर रिकामी गोदामं घेऊन भूपेशशेठकडे गेलो तर ते दारात उभं करणार नाहीत, त्यापेक्षा आत्ताच सही करावी. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "बघू."

सही झाली की मी रिकामी. पुन्हा ऐरोली, पुन्हा गळ्यात ओळखपत्र. म्हणजे दसऱ्यापर्यंत माझी सिस्टिम न पडता चालली पाहिजे, एवढंच. चालेल. न चालायला काय झालं?

९ सप्टेंबर, मंगळवार

सॉफ्टवेअर तयार आहे, गेल्या वर्षी सुट्ट्यांमध्ये मीच लिहिलं. पण ते चालतं गेटच्या केबिनमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर. लाइट गेली की तो बंद, आणि लाइट असली तरी उंदरांना त्याच्या वायरी फार आवडतात. म्हणून आज क्लाउडवर एक मशीन भाड्याने घेतलं.

बाबा केबिनमध्ये आले होते. शेजारी राघोकाका, आमचे गेटवरचे जुने माणूस, गाड्यांची नोंद करत बसले होते.

"ही मशीन हाय कुठं?" बाबांनी विचारलं.

"मुंबईत कुठेतरी, मोठ्या इमारतीत. एका मोठ्या मशीनचे भाग पाडून लोकांना भाड्याने देतात. त्यातला एक आपण घेतला."

"म्हंजी गाला."

"हो. गाळाच समजा."

"आनि त्यात ठेवनार काय?"

"तीन कंटेनर."

राघोकाका ताडकन उभे राहिले. "तीन? आज? पोरी, राहनालपासून ट्राफिक जाम हाय, येनार कवा आनि लावनार कुठं?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग नीट समजावलं. हा कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअरची पेटी. चालायला जे जे लागतं ते सगळं तिच्यातच भरलेलं असतं, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर चाललं ते तिथेही तसंच चालतं. एका पेटीत स्क्रीनवर दिसणारा भाग, दुसरीत मालाचा हिशोब, आणि तिसरी दारवान, आलेल्याला योग्य पेटीकडे पाठवणारी. तिन्ही एकाच मशीनवर, पण एकमेकींच्या कामात नाक खुपसत नाहीत.

"गाला भारयाचा, आनि त्यात तुजे पोटभारेकरू. आपन गोदामवाले, आनि आपनच भारेकरू झालो," बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन निघून गेले. मी तासाभराचं समजावणं तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

कालचा दिवस वाईट गेला. सगळ्यात लहान मशीन घेतलं होतं, त्याची मेमरी पुरेना. हिशोबाची पेटी चालू करावी की थोड्या वेळात आपली आपण मान टाकायची. शेवटी एक नंबर मोठं मशीन घेतलं आणि पेटी हाताने पुन्हा चालू केली. आता चालतेय.

मग बाहेरून पान उघडेना. दोन तास पेट्यांना शिव्या दिल्या आणि कळलं की पेट्या ठीक आहेत, मशीनला क्लाउडवाल्यांचं स्वतःचं एक कुंपण असतं आणि त्यातलं फाटक मी उघडलंच नव्हतं. गोदामवाल्याच्या मुलीने गेटच विसरावं! उघडलं, आणि गेटच्या नोंदींसाठी आणलेल्या टॅबवर आमचं पान आलं. मी खुर्चीवरून उडी मारली. राघोकाकांनी चहा सांडला.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून नीट केली आहे. पेटी काढून नवी ठेवली की जुनीच्या आत जे असेल ते जातं, म्हणून मालाचा हिशोब पेटीच्या आत न ठेवता बाहेर वेगळ्या जागी ठेवायचा. ऐरोलीत एका मुलाने हे केलं नव्हतं आणि एका ग्राहकाची अख्खी नोंद उडाली होती. दुसऱ्यांच्या चुकांवरून शिकण्यात मी हुशार आहे.

मशीनला इंटरनेटवरचा एक नंबर मिळालाय, तोच त्याचा पत्ता. लोकांच्या लक्षात राहावं म्हणून त्यावर नावही घेता येतं. पण आमच्या टॅबमध्ये आणि पुण्याच्या ऑफिसात नंबर एकदा टाकला की लक्षात ठेवायचंय कोणाला? नाव नंतर घेऊ.

१३ सप्टेंबर, शनिवार

भूपेशशेठ कराराचा मसुदा घेऊन आले होते. पांढरे बूट घालून आमच्या आवारात येणारा हा एकच माणूस. दादाने त्यांना ओसरीवर बसवलं, आईने सरबत दिलं. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मोबाइल चाळत होते.

"वाचायला ठेवून जा," बाबा म्हणाले.

"रामनाथशेठ, वाचायचं काय त्यात? बोलणं तर झालंय. सही करून टाका."

"पितरांचे दिवस चालू हायेत, शेठ. या दिवसांत जागेचा येवहार? न्हाय बा."

दादा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मीही. याच बाबांनी डंपर घेतला तो पितृपक्षात, शोरूममध्ये गर्दी नसते आणि सेल्समन हात जोडून बोलतो म्हणून. तेव्हा आई म्हणाली होती, थोडे दिवस थांबा, तर म्हणाले होते, पितरांना पन डंपर बघू दे.

वय झालं की माणूस देवभोळा होतो, दुसरं काय. माझ्या पथ्यावर पडलं. सोमवारी माझं सुरू होतंय.

१५ सप्टेंबर, सोमवार

सुरू झालं! पहिली गाडी आत आली, राघोकाकांनी टॅबवर एकेक अक्षर शोधून तिचा नंबर टाकला, आणि माल उतरल्यावर पुण्याहून रुचिरा मॅडमचा निरोप: 'दिसतंय.' एवढाच. त्या शब्द फार जपून वापरतात.

डोक्याला ताप एकच, बाबा. सकाळपासून गेटवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेत. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतात, "टॅब पे आया क्या? दिखा क्या?" राघोकाका टाइप करत असताना मागून वाकून बघतात. एक ड्रायव्हर नोंद न करताच आत निघाला तर बाबा गाडीसमोर उभे राहिले. म्हणाले, "पहिले टॅब, बाद में माल." मी सांगितलं, बाबा घरी जा, इथे काही काम नाही तुमचं. म्हणाले, घरी टीव्हीचा आवाज होतो.

टीव्ही त्यांच्याशिवाय कोणी लावत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं छान. आज दुपारी गाड्या चालू असतानाच पहिली पेटी बदलून सुधारलेली ठेवली. गेटवर कोणाला पत्ताही लागला नाही. जुन्या कॉम्प्युटरवर हेच करायला रविवारची वाट बघावी लागायची. मी इतकी खूश होते की दादालाही समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाला, "चांगलं आहे ग. पण बंद पडलं तर?"

"पडणार नाही."

"डायपरवाले गेले तर बाबांना या वयात गिऱ्हाईक शोधत फिरावं लागेल. तू ऐरोलीला जाशील. मी कुठे जाऊ?"

त्याच्याकडून असं काही ऐकायची सवय नाही. नंतर रागही आला, माझं न पडणारं मशीन तो आत्ताच पाडून मोकळा झाला म्हणून.

२४ सप्टेंबर, बुधवार

भूपेशशेठ पुन्हा आले. पितृपक्ष संपला, आता चांगले दिवस, म्हणाले. बाबांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. "घट बसलेत. घट बसल्यावर घरातली वस्तू कुनाला द्यायची नसते."

शेठ हात जोडून गेले. ते गेल्यावर आई म्हणाली, "असं कुठं असतं? मी तर शेजारणीला परवाच परात दिली."

बाबा पेपर वाचत बसले.

दादा चिडलाय. मी चिडले नाही, पण मला बाबांचं वाईट वाटतं. एवढा रोखठोक माणूस, आणि आता साध्या साध्या गोष्टीला देव आडवा घालतो. माझं काम उभं राहिलं की त्यांना एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणीन.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आमच्याकडे आजच्या दिवशी सगळी यंत्रं थांबवतात. फोर्कलिफ्ट, वजनकाटा, दोन्ही टेम्पो, पाण्याचा पंपसुद्धा. धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून झेंडूच्या माळा घालायच्या, आणि मग उद्या दसऱ्याची पूजा होईपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या यंत्राला तेवढी विश्रांती. बाबांच्या बापानेही पाळलं, बाबाही पाळतात, आणि हे काही वय झाल्यावर सुचलेलं नाही. एका वर्षी एका पार्टीने आजच्या दिवशी माल मागितला तेव्हा बाबांनी पार्टी सोडली होती.

दुपारी सगळ्यांच्या माळा घालून झाल्या. बाबा माझ्याकडे वळले. "तुजी मशीन?"

"ती इथे नाही, बाबा."

"न्हाय, पन राबते तर आपल्यासाठी ना? सगल्यांनी थांबायचं आनि तिनंच काय पाप केलंय?"

आई म्हणाली, "आनि कुंकू लावायचं कशावर? दिसायला तर पायजे."

मग मला एकदम उत्साह आला. मशीनचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर छापला. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एक फूल ठेवलं. बाबांनी हात जोडले. राघोकाकांनीही जोडले, मला वाटतं थोडे जास्तच मनापासून. आणि मी लॅपटॉप उघडून मशीन थांबवलं.

गेट आज-उद्या बंद, पुण्याचं ऑफिसही आज-उद्या सुट्टीवर, नुकसान कोणाचंच नाही. पेट्या मशीनबरोबर झोपतील आणि मशीनबरोबर उठतील. अशी विश्रांती घेणारं क्लाउडवरचं हे पहिलंच मशीन असेल. मला आज फार बरं वाटतंय. बाबांनी माझ्या मशीनला वजनकाट्याच्या रांगेत बसवलं, याहून मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे?

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पूजा झाली. मशीन चालू केलं, लॅपटॉपवर हिरवा दिवा लागला. सोनं वाटायला बाहेर पडलो ते पार दिवेलागणीला परतलो. कशेळीच्या आत्याकडे इतकं जेवले की लिहायला वाकवत नाही. उद्या रुचिरा मॅडम येणार. माझी तयारी पक्की आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लिहूनच झोपणार.

सकाळी गेटसमोर गाड्यांची रांग लागली होती. दसऱ्यानंतरच्या पहिल्या गाडीपुढे नारळ फोडून तिला आत घ्यायची पद्धत आहे. बाबांनी नारळ फोडला. राघोकाकांनी टॅबवर नंबर टाकला. टॅब नुसता गोल गोल फिरत राहिला आणि मग म्हणाला, संपर्क होत नाही.

"पोरी, हा उठत न्हाय."

बंद करून चालू करा म्हटलं. केला. नाही. दुसरा टॅब घेतला. तोही तसाच. लॅपटॉप उघडला तर मशीन चालू, हिरवा दिवा ढळढळीत. पण पान कुठेच उघडेना. पहिल्यांदा वाटलं, कोणी मशीन पळवलं. मग स्क्रीनवर मशीनच्या नावाखाली नजर गेली. तिथला नंबर वेगळाच होता. आईने कुंकू लावलेला नंबर आता आमचा नव्हता.

मशीन थांबवलं की त्याचा नंबर क्लाउडवाल्यांकडे परत जातो, आणि चालू केलं की नवा मिळतो. कायमचा हवा असेल तर वेगळा मागून घ्यावा लागतो. गाळा सोडला तर मालक तो तुमच्यासाठी अडवून ठेवतो का? हे मला कोणी सांगायला हवं होतं? मी गोदामवाल्याची मुलगी! आणि तो जुना नंबर आमच्या टॅबमध्ये, पुण्याच्या ऑफिसात, सगळीकडे जसाच्या तसा बसलेला.

नवा नंबर टाकला. पान आलं, पण माल शून्य. तिन्ही गोदामांत शून्य. हिशोबाची पेटी उठलीच नव्हती. बाकी दोघींना मी सांगून ठेवलं होतं की मशीन उठलं की आपलं आपण उठा. या एकीला मेमरी पुरत नव्हती त्या दिवशी हाताने चालू केलं आणि तिला सांगायचं राहून गेलं. तिला उठवलं. आकडे आले, एकेक खोक्याचे, परवा होते तसेच. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं.

एवढ्यात बाहेर हॉर्नचा गोंधळ माजला होता. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दादा कुठून तरी चहा आणि वडापाव घेऊन आला, स्वतः एकेका ड्रायव्हरच्या हातात देत होता. "भाई, आज दसरे का दूसरा दिन है, दस मिनट. मेरी बहन अंदर लगी है." मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात रुचिरा मॅडमचा फोन. त्या कशेळीला ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. "ऑफिसातून कळतंय की पुण्यात काहीच दिसत नाही. काय झालंय?"

दादा खिडकीतून हातवारे करत होता. नेट, नेट! नेट गेलं म्हण! भिवंडीत नेट गेलं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही, हे खरंच आहे. मी म्हटलं, "मॅडम, या तुम्ही. समोर सांगते."

त्या पोहोचल्या तेव्हा टॅब चालू झाले होते, गाड्या आत येत होत्या. मनात आणलं असतं तर नेटवर ढकलता आलं असतं. पण नेटने माझं काय वाकडं केलं होतं? आणि माझं मशीन नेटच्या एका झटक्याने कोलमडतं असं मीच माझ्या तोंडाने कशाला सांगू? चूक माझी होती. मी म्हटलं, "मॅडम, मशीन मी थांबवलं होतं. खंडेनवमीच्या पूजेसाठी. थांबवल्यावर नंबर बदलतो हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं."

"क्लाउडवरचं मशीन," त्या सावकाश म्हणाल्या. "पूजेसाठी."

"मीच बोललो तिला," बाबा मागून म्हणाले. ते उभे होते, हातात नारळाची अर्धी कवड तशीच. "तिचा दोष न्हाय. आमची पद्धत हाय."

"बाबा, बटन मी दाबलं."

मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या गोदामात गेल्या, मनाला येईल त्या दोन रांगा दाखवून मोजायला लावल्या. टॅबवर होती तेवढीच खोकी निघाली. मग विचारलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार? मी सांगितलं की कायमचा नंबर सकाळीच मागून घेतलाय, आज त्यावर नावही घेते, तिन्ही पेट्या आता आपल्या आपण उठतील, आणि यापुढे काहीही थांबवायचं झालं तर आधी तुम्हाला फोन.

"आणि पुढच्या खंडेनवमीला?"

मी बाबांकडे पाहिलं.

"पुढल्या साली कागदाला कुंकू लावू," बाबा म्हणाले. "मशीन चालू दे."

ज्यांनी यासाठी पार्टी सोडली होती ते बाबा. मला ते ऐकवेना. मॅडमनी मान हलवली, "कळवते" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. बाबा दुपारी जेवले नाहीत. मला भीती वाटतेय, अगदी सरळ लिहायचं तर खूप भीती वाटतेय. पण सिस्टिम चालू आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

काही कळवलं नाही. दर थोड्या वेळाने मेल बघते. दादाही येता जाता विचारतो, आणि मी "अजून नाही" म्हटलं की चिडवायचं सोडून मुकाट्याने निघून जातो, ते जास्त लागतं.

भूपेशशेठचा फोन आला होता. बाबा त्यांना म्हणाले, आज कोजागिरी, दुधाच्या गडबडीत हाय. कोजागिरीला करार चालत नाही, हे कुठल्या पंचांगात आहे? आता मला कळायला लागलंय. त्यांना भाव वाढवून हवा असणार. मी इथे रात्रंदिवस पेट्या उठवतेय आणि ते शेठला ताणून धरतायत. बरोबर आहे, धंदा आहे. पण मनाला लागतं. मला वाटलं होतं की निदान एकदा तरी विचारतील, भाविका, तुझं जमतंय का?

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी मेल आला. डायपर कंपनी तीन वर्षं राहणार, तिन्ही गोदामं, माझ्या सिस्टिमवर. खाली रुचिरा मॅडमची एक ओळ, 'मोजणी जुळली आणि कारण खरं मिळालं, दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी क्वचित मिळतात.' मी ओरडले. दादा मोरीतून तसाच साबण लावलेला धावत आला. वाचून म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, डायपर म्हणजे भरवशाचा माल." त्याला मी ओल्या टॉवेलनेच मारलं.

बाबांनी मेल वाचून घेतला, मग पुन्हा एकदा वाचून घेतला. शर्ट बदलून ओसरीवर जाऊन बसले.

अकराच्या सुमाराला भूपेशशेठ आले. बरोबर वकील होते, स्टॅम्पपेपर होता. आज तयारीनेच आले होते. "रामनाथशेठ, पितर झाले, घट झाले, कोजागिरी झाली. आता दिवाळी येईल. आज काय ते बोला."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता दिवाळीचं काहीतरी काढतील. किंवा वाढीव भाड्याचं.

बाबा म्हणाले, "मना कनाला इचारता, शेठ? ती उभी हाय ना. तिला इचारा."

"ताईला?"

"गोदामं ती चालवते. द्यायची का ठेवायची, तीच सांगंल."

भूपेशशेठनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. वकिलांनी बघितलं. दादाने बघितलं, आणि मला वाटलं की तो काही बोलेल, पण तो नुसता बाजूला सरला आणि त्याने मला ओसरीवर यायला जागा करून दिली. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते रस्त्याकडे बघत होते. मी पुढे झाले. "नाही," म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मग मोठ्याने म्हटलं, "नाही द्यायची, शेठ. आम्हीच चालवणार."

शेठ भला माणूस. कागद गुंडाळले, चहा घेतला, कधी वाटलं तर फोन करा म्हणाले आणि गेले.

मी आत गेले ती थेट स्वयंपाकघरात, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. आई तांदूळ निवडत होती, तिने एका हाताने मला थोपटलं. "आता रडायला काय झालं? तुझं जमेपर्यंतच तर थांबवलं होतं त्यांनी शेठला."

बाहेरून राघोकाकांची हाक आली. गेटवर गाडी उभी होती, आणि आत घेऊ का, असं ते बाबांना न विचारता मला विचारत होते. मी तोंड धुतलं आणि गेटवर गेले.